काढून ठेवलेला बझर

आधीच सांगते, म्हणजे कमेंटमध्ये कोणी लिंबू-मिरची घेऊन येणार नाही. अंगात येणं, भानामती, बाबाचा अंगारा… या सगळ्याविरुद्ध चौकाचौकात उभं राहून पत्रकं वाटलेली मुलगी आहे मी. “पुरावा दाखवा, नाहीतर दुकान बंद करा” ही ओळ माझीच. आता मलाच चावते आहे. कारण मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये भर दुपारी जे झालं, त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. साक्षीदार एकच, माझी आई.

आमचा कॉम्प्युटर प्रशिकदादाने जोडलेला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. सीताबर्डीतून जुने-नवे पार्ट गोळा करून तो लोकांना मशीन बनवून द्यायचा, आणि प्रत्येक मशीनमध्ये चिंचोक्याएवढा एक बझर हट्टाने बसवायचा. मी हसले की म्हणायचा, “हास तू. मशीनले तोंड नको का वं? बिघडलं तर सांगन कसं?”

त्याची दुसरी खोड म्हणजे आमच्या दाराची बेल तो कधीच वाजवायचा नाही. ठोकायचा. टक… टक-टक.

“बेल काय शोभेले लावली का गा?” आई दरवेळी चिडायची.

“मावशी, बेल कोणीबी वाजवते. असं ठोकलं का समजते, आपला माणूस आला.”

मागच्या उन्हाळ्यात दादा गेला. रस्त्यावरच्या खड्ड्याने जीव घेतला. नशीब म्हणू नका, खड्डा म्हणा! त्यानंतर मशीन सुरू होताना वाजणारी ती ‘पिप’ मला ऐकवेना. मी स्वतःच्या हाताने बझर उपटला आणि आईच्या शिवणाच्या डब्यात टाकला. एवढं लक्षात ठेवा.

आता यावर्षीची गोष्ट. उमरेडकडच्या एका गावातून कोळशाचे उघडे ट्रक जातात, त्याविरुद्ध आमची लढाई चालू होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणी. आमचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे कमलाबाई. हातमागावर विणणारी बाई. तिचं बोलणं मी रेकॉर्ड केलं होतं. आता ती दवाखान्यात ऑक्सिजनवर, तोंडातून शब्द फुटत नव्हता. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो उमरेडच्या बसमध्ये चोरीला गेला. तिचा आवाज उरला होता फक्त आमच्या कॉम्प्युटरच्या डेटा डिस्कवर. सकाळीच आईच्या साध्या फोनवर तिच्या सुनेचा फोन आला होता. “ताई, बुढीचा आवाज उद्या सगळ्यांले ऐकवजा. थे तर आता बोलत नाही…”

आणि कॉम्प्युटर? घराला रंग दिला तेव्हापासून सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की चहा होऊन, पिऊन, कप धुवून व्हायचा. मी वैतागून त्यावर विंडोज नव्याने टाकलं. झालं! आवाज चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर नाही, नेटचा ड्रायव्हर नाही, स्क्रीनवरची अक्षरं ताणून फुगलेली. ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे, आणि नेट चालायला ड्रायव्हर पाहिजे. म्हणजे सरकारी कार्यालयच! वर सुरू व्हायचा वेळ तेवढाच.

विंडोजची छोटी एसएसडी वेगळी; तिच्याशिवाय मशीनमध्ये हार्ड डिस्क दोन. एक आमची डेटाची, दुसरी जुन्या कॅबिनेटसोबत आलेली, कुरकुरणारी. सगळा दोष मी त्या कुरकुरणारीला दिला होता. तेवढ्यात स्क्रीनवर प्रश्न आला : ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? मी म्हटलं, सापडला चोर. पुसून टाकू. ‘हो’वर बाण नेला.

आई कूलरमध्ये पाणी भरत होती, म्हणून कूलर बंद. घर अगदी शांत. आणि टेबलाखालून, कॅबिनेटमधून आवाज आला.

पिप… पिप-पिप.

माझं बोट माऊसवरच थांबलं. खिडकीजवळून आई म्हणाली, “दार उघड वं, प्रशिक आला.”

बोलून गेली, आणि मग तिला आठवलं. बादली तिच्या हातातच राहिली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत होतो.

मी मशीन बंद केली, कॅबिनेट ओढून उघडली. बझरची जागा रिकामी. पण एका डिस्कची केबल अर्धी बाहेर आलेली… रंग देताना कॅबिनेट सरकवली तेव्हाच निघाली असणार. हात लावून पाहिलं तर ती कुरकुरणारी डिस्क नव्हतीच. आमची डेटाची होती. मी कमलाबाईचा आवाज पुसायला निघाले होते.

केबल दाबून बसवली. मशीन झटकन सुरू झाली. डिस्क उघडली, तर रेकॉर्डिंग शाबूत, आणि शेजारी दादाचं फोल्डर. त्याची पद्धतच ती, मशीन जोडली की तिचे सगळे ड्रायव्हर एका जागी ठेवून द्यायचे. नेट आलं, आवाज आला. स्पीकरमधून पहिला आवाज कमलाबाईचा :

“पांढरं सूत लावतो, संध्याकाळी काळं निघते. मंग आमच्या छातीत काय असन, सायेब?”

आई तिथेच खाली बसून रडली.

आता तुमच्याआधी मीच उलटतपासणी करते. शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह? त्यांच्याकडे कुलूप होतं. बोर्डावरच बसवलेला दुसरा बझर? दादाच्या मित्राकडून बोर्ड तपासून घेतला, नाही. केबल ढिली झाल्याची सूचना? ती वाजायला बझर लागतो, आणि तो डब्यात बटणांमध्ये पडलेला होता. भास? दोघींना, एकाच वेळी, एकाच ठेक्यात? पटत असेल तर तुम्ही माना. मला पटलं नाही.

सुनावणीत तो आवाज सगळ्यांना ऐकवला. ट्रक आता ताडपत्री टाकून, गावाबाहेरून जातात. कमलाबाई घरी आली आहे. मागावर बसत नाही, पण सुनेला शिव्या देण्याइतका दम आला आहे, असं सूनच हसत सांगते.

पत्रकं मी अजूनही वाटते, तीच ओळ घेऊन. या एका दुपारचं स्पष्टीकरण मात्र माझ्याकडे नाही, आणि बनवूनही सांगणार नाही. आई म्हणते, “बसवून दे ना वं तो बझर परत.” अजून बसवला नाही. पण मशीन सुरू करताना आता रोज कॅबिनेटवर बोटाने ठोकते.

टक… टक-टक.

त्यालाही कळलं पाहिजे ना, आपला माणूस आला.