उमर भटाऱ्याची पांढरी पूड

परळच्या पोयबावडीत उमर परकार नावाचा भटारी राहत असे. मूळचा खेडकडचा. त्याच्या बिर्याणीशिवाय मुंबईतल्या कोकणी मुसलमानांची लग्नं लागत नसत, असं म्हटलं तर काझीसाहेब रागावतील. पण तारीख धरण्याआधी माणसं उमर मोकळा आहे का हे विचारून जात, एवढं खरं.

आणि या उमरची जीभ मेलेली होती. पंचावन्न साली मुदतीच्या तापातून तो उठला, तेव्हा बायकोने, हलीमाने, दिलेली पेज त्याला नुसत्या कोमट पाण्यासारखी लागली. आठ दिवसांनी लोणचं चाखलं, तर तेही तसंच. नाकही गेलं होतं. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले, पण काही आलं नाही. गवयाचा गळा बसला तर चार लोक हळहळतात. भटाऱ्याची जीभ गेली म्हटल्यावर त्याला दारात कोण उभं करणार? उमरने हे कोणालाच सांगितलं नाही, हलीमालाही नाही. देग, म्हणजे बिर्याणीचा मोठा हंडा, उघडली की भटाऱ्याने यजमानासमोर पहिला घास खायचा आणि मान डोलवायची, असा रिवाज होता. उमर घास खाई, मान डोलवी, चव मात्र काहीच कळत नसे.

फोर्टातल्या एका हॉटेलच्या आचाऱ्याने त्याला एका पांढऱ्या पुडीबद्दल सांगितलं. डबा जपानी, मिळायचा फोर्टातल्याच एका दुकानात. मूठभर टाकली की लोक बोटं चाटत बसतात. मीठ मात्र निम्मंच घालायचं, बाकीचं काम पूड करते. उमरने तसं केलं आणि जेवणाऱ्यांचे चेहरे पाहिले. त्या दिवसापासून लोकांचे चेहरे हीच त्याची जीभ झाली. दीड वर्ष असं निभावलं. स्वतःची आई वारली तेव्हा तिच्या चाळीसाव्या दिवसाचं जेवणही त्याने त्याच पुडीवर रांधलं.

मग हलीमाचा भाऊ इस्माईल आला. हा बोटीवरचा खलाशी, जगभर हिंडलेला, त्यामुळे त्याला सगळंच ठाऊक. फळीवरचा डबा पाहून तो सहज बोलून गेला, की तिकडे ही पूड डुकराच्या हाडांतून काढतात म्हणे. एवढं बोलून इस्माईल जेवला, झोपला आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर निघून गेला. उमरच्या घशाखाली मात्र त्यानंतर अन्न उतरेना. शेकडो माणसांना आपण हराम खाऊ घातलं असेल, आईच्या नावाने जेवलेल्यांनाही, या विचाराने तो वेडापिसा झाला. उरलेली पूड त्याने मोरीत ओतली आणि मशिदीत गेला. मौलवीसाहेब म्हणाले की नकळत खाल्लेल्याचा दोष कोणालाही नाही, पण आता शंका आली आहे, तेव्हा खात्री होईपर्यंत दूर राहायचं.

दूर राहणं म्हणजे काय, हे मौलवींना कसं कळावं? पुडीशिवाय देग चढवायची उमरची हिंमत नव्हती. कंबर धरली आहे असं सांगून त्याने सुपाऱ्या परत करायला सुरुवात केली.

चाळीत रमाकांत नावाचा कारकून होता, इंग्रजी लिहिणारा. पूड मागवणाऱ्या कंपनीला पत्र लिहायचं त्याने कबूल केलं. पण ते दिवस सत्तावन्नच्या निवडणुकीचे होते, आणि रमाकांत समितीचा. सकाळी कचेरी, संध्याकाळी सभा, घरोघर चिठ्ठ्या. संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय त्याला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि उमर त्याच्या दारात रोज उभा. अखेर मतं मोजून झाली, समिती जिंकली, तेव्हा कुठे पत्र गेलं. उत्तर यायला पावसाळा उजाडला.

"चाचा, गव्हाची आहे," रमाकांत कागदावरची नजर न काढता म्हणाला. "गव्हाच्या चिकापासून बनवतात. जनावराचा अंशसुद्धा नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

उमर पुढचं ऐकायला थांबलाच नाही. रडतरडतच तो मशिदीत पोचला. मौलवीसाहेबांनाही आनंद झाला. गव्हाचीच असेल तर हलालच, असं सांगून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रविवारी माझ्या पुतणीचा निकाह आहे. देग तुमचीच." उमरने तिथल्या तिथे शब्द दिला.

तिथून तो थेट फोर्टात गेला. दुकानदार म्हणाला, दोन महिन्यांपासून माल नाही. घरी येऊन त्याने रमाकांतकडून पत्राची शेवटची ओळ वाचून घेतली. परदेशी मालाचे परवाने सरकारने बंद केल्यामुळे पूड आता मिळणार नाही, क्षमस्व.

शब्द देऊन बसलेला माणूस आता काय कारण सांगणार? खरं कारण एकच होतं, आणि तेच सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी मीठ घालताना त्याचा हात दीड वर्षाच्या सवयीने निम्म्यावर थांबला. पूड नाही, म्हणजे आणखी हवं. पण आणखी किती? आपण घातलं ते एकदाच घातलं की दोनदा, तेही त्याला आठवेना. विचारायचं कोणाला? शेवटी आणखी काही न घालताच त्याने देगीवर झाकण ठेवून दिलं. पुढे रिवाजाप्रमाणे पहिला घास खाऊन त्याने मान डोलवली.

चार-चार माणसं एकेका ताटाभोवती बसली. पहिल्या घासानंतर कोणीतरी हळूच मीठ मागितलं. मग दुसऱ्या ताटावर. मौलवीसाहेबांनीही मान खाली घालून चिमूटभर भुरभुरवलं. उमरच्या तोंडावर बोलायचं कोणाच्या मनातच आलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

देगीतलं उरलेलं त्याने घरी नेलं. हलीमाने दोन ताटं वाढली. तिने घास घेतला, सावकाश चावला, गिळला. तो तिच्याकडे पाहत होता.

"छान झालीय," ती म्हणाली. "नेहमीसारखी."

ती खोटं बोलत होती हे त्याला माहीत होतं. पण तिचा चेहरा अगदी तोच होता, गेली दोन वर्षं जेवताना असायचा तसाच.