कड्याखालचं घर

मुखेडच्या पुढे एका वस्तीमागे काळ्या दगडाचा कडा होता. मी नांदेडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. दूरवरच्या भूकंपांनी असे कडे हलतात का, हे पाहायला त्याच्या मोठ्या भेगेवर मी एक मापक बसवलं होतं. आकडे मोबाईलवर यायचे. दुपारी दगड तापला की भेग किंचित मिटायची, पहाटेच्या गारठ्यात उघडायची. रोज तेच.

कड्याच्या पायथ्याशी एकच घर होतं. नवरा-बायको दोघंच, मुली लग्न होऊन गेलेल्या. मी गेले की मावशी चहा करायच्या, पण कप घेऊन अंगणात येऊन बसायच्या. छपराखाली त्यांना फार वेळ थांबवत नसे. त्यांचं माहेर लातूरकडचं, भूकंपात गेलेल्या गावांपैकी एक. त्याबद्दल त्या बोलत नसत, मीही विचारलं नाही.

एक दिवस नेपाळात मोठा भूकंप झाला. नांदेडात कुणाला काही जाणवलं नाही. मोबाईलवरच्या आलेखात मात्र भेगेची रेघ एकदम वर चढली, म्हणजे भेग रुंदावली होती. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं, तरी ती खाली येईना. मी मिळेल ती एसटी पकडून वस्तीवर गेले.

काका हसले. "नेपाळ कुठं, मुखेड कुठं, बाई! आमची तर चूलबी हालली न्हाई."

"भेग उघडली ती मिटली नाही, काका. कडा कधी पडेल सांगता येत नाही. कदाचित पडणारही नाही. पण इथं राहू नका."

"मग पडत न्हाई असंच धरा की."

मावशी दाराबाहेर उभ्या होत्या. बोलल्या नवऱ्याशी, पण बघत होत्या कड्याकडे.

"अवो, माझी धाकटी बहीण माझ्या बाजूलाच निजली होती. मातीखाली दिसत नव्हती, पर बोलत होती. पाणी मागत होती. लोकांनी मला आधी काढलं. मी लई सांगितलं, तिथं हाय ती, तिथं हाय. त्यांनी तिथली माती उकरली तवर तिचा आवाज बंद झाला होता."

इतक्या वर्षांच्या संसारात काका हे पहिल्यांदाच ऐकत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याच आठवड्यात त्यांनी ओढ्यापलीकडे शेतात पत्र्याचं शेड ठोकलं.

कडा हिवाळ्यात पडला, भर दुपारी. त्या दिवशी जगात कुठे मोठा भूकंप झाल्याचं मला तरी सापडलं नाही. मी पोचले तेव्हा घराची मागची भिंत आणि छप्पर दगडांखाली गेलं होतं. मावशी ढिगाऱ्यावर वाकून उभ्या होत्या.

"बाई, जरा ऐका. आत कोणी हाय का?"

"कोणी नाही, मावशी. तुम्ही दोघंही बाहेर आहात."

"हाव, ते ठाऊक हाय. तरी ऐका."

मी गुडघ्यांवर बसून दगडाला कान लावला. आत कुठेतरी माती सरकत होती, बारीक, थांबून थांबून. तो आवाज थांबेपर्यंत मला उठता आलं नाही.

आता माझं मापक कंधारकडच्या एका कड्यावर आहे. कुठेही भूकंप झाल्याची बातमी लागली की काकांचा फोन येतो, "बाई, रेघ काय म्हणती?" मी बघून सांगते. मागून मावशींचा आवाज येतो, "खाली कोण राहतं, ते इचारा."

खाली पाच-सहा घरं आहेत. लोक माझं नीट ऐकून घेतात. अजून कुणी हललेलं नाही.