‘थांब गो’ : क्वेसार शोधताना ऐकलेली हाक

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण फक्त वाचायला. आणि खरं सांगू? हसायला. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली की मी मनात म्हणायचे, झोप झाली नसेल बिचाऱ्याची. माझं शिक्षण फिजिक्सचं, काम खगोलशास्त्रातलं. पुरावा नाही तर गोष्ट नाही. आज लिहितेय, कारण अर्धामुर्धा का होईना, एक पुरावा माझ्या लॅपटॉपवर पडलाय आणि त्याचं काय करायचं ते कळत नाहीये.

आमची खोली डिलाईल रोडला, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. बाबा आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर हिंदमाताला साड्यांच्या दुकानात. संध्याकाळी घरी आले की गॅलरीत स्टूल टाकून बसायचे आणि मी पायाशी बसून गणितं सोडवायचे. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही. पण मी वैतागून पान फाडायला निघाले की मालवणीत ठरलेलं वाक्य यायचं – “थांब गो. परत एकदा बघ.” शेजारच्या कॅरमचा ठकठकाट, कुणाच्या तरी घरी तळणारे बोंबील, आणि हे वाक्य... माझं लहानपण म्हणजे एवढंच.

मी पीएचडीला लागायच्या आधीच बाबा गेले.

आता चाळ पाडून टॉवर होणार. आजूबाजूची बिऱ्हाडं गेली होती, दोन्हीकडच्या खोल्यांना कुलपं. आई मात्र हलायला तयार नव्हती. भांडी माळ्यावर तशीच, कपाट तसंच. “बांधू गं उद्या,” म्हणायची. शेवटी मी रजा काढून आले. पण काम पूर्ण सुटत नाही, म्हणून दुपारी लॅपटॉप उघडून बसायचे.

काम थोडक्यात सांगते. क्वेसार म्हणजे दूरच्या आकाशगंगेच्या मध्यभागी, प्रचंड कृष्णविवराभोवती पेटलेला झगझगाट. आम्ही शोधतो ते अगदी सुरुवातीच्या विश्वातले. इतके दूरचे की निळ्या, हिरव्या फिल्टरच्या फोटोत जागा रिकामी असते आणि फक्त शेवटच्या, सगळ्यात तांबड्या फिल्टरमध्ये एक पुसट ठिपका उमटतो. कॉम्प्युटर असे ठिपके निवडून देतो, पण त्यातले बहुतेक खोटे निघतात... कॅमेऱ्यातला दोष, नाहीतर जवळचा एखादा थंड तारा. म्हणून शेवटी माणसानेच एकेक ठिपका डोळ्यांनी बघायचा, ठेवायचा किंवा फेकायचा.

त्या दुपारी माझा सहकारी निखिल बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर होता. आई आत पोळ्या करत होती. एक ठिपका आला, फोटोच्या अगदी कडेला, मळकट.

“कॅमेऱ्याचा दोष आहे, टाक काढून,” निखिल म्हणाला.

मलाही तेच वाटलं. बोट रिजेक्टच्या बटणावर गेलं, आणि मागून, गॅलरीच्या दारातून, आवाज आला.

“थांब गो. परत एकदा बघ.”

बाबांचा आवाज. आठवल्यासारखा नाही, खोलीत माणूस बोलतो तसा. मी वळले. दार उघडं, ऊन आत आलेलं, कुणी नाही.

“मागे कोण बोललं?” निखिलने विचारलं.

“तू... तू ऐकलंस?”

“शब्द नाही कळले. पण कोणीतरी पुरुष होता. काका आलेत का तुझे?”

मी गॅलरीत धावले. दोन्ही टोकांपर्यंत कुणी नाही, जिन्यात नाही, खाली चौकात नाही. परत आले तर आई दारात उभी, हाताला पीठ. माझ्याकडे बघतही नव्हती, गॅलरीकडे बघत होती. मग आत गेली.

ठिपका मी ठेवला. घाबरून म्हणा हवं तर. पुढे दुसऱ्या रात्रीच्या फोटोत तो त्याच जागी सापडला आणि मोठ्या दुर्बिणीने त्याच्या प्रकाशाचं पृथक्करण झालं... तो खरा क्वेसार निघाला. विश्व नुकतं बाळसं धरत असताना तिथून निघालेला प्रकाश. निखिल अजून म्हणतो, तुझी नजर जबरदस्त. नजर कसली!

आमच्या मीटिंगा रेकॉर्ड होतात. त्याच संध्याकाळी धीर करून मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. “टाक काढून” नंतर शांतता. बाबांचा आवाज नाही, काहीच नाही. आणि त्या शांततेनंतर, निखिलच्या प्रश्नाच्या आधी, आतून स्पष्ट ऐकू येतो आईचा आवाज : “आले हं!”

त्या गडबडीत मला ते ऐकूच आलं नव्हतं.

आईला विचारलं. ती मेथी निवडत होती.

“ह्यांनी हाक मारली.”

“मला म्हणाले ना, थांब गो?”

“नाही गं.” तिने मान खाली घातली, आणि सत्तरीतली माझी आई चक्क लाजली. “लीला म्हणाले.”

लीला हे तिचं माहेरचं नाव. लग्नानंतर ती सुनंदा झाली. बाबांच्या तोंडून ‘लीला’ मी जन्मात ऐकलेलं नाही. ते म्हणायचे कधी, या एका खोलीत आम्ही सगळे असताना, हे विचारायचं मला सुचलं नाही.

एकच आवाज, एकच क्षण, आणि दोघींना वेगळे शब्द. निखिलला नुसताच आवाज. मशीनला काहीच नाही. भास म्हणावा तर तिघांना एकदम कसा? आणि आवाज होता तर रेकॉर्ड का नाही झाला? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा, मी आता हसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आई स्टुलावर चढून माळ्यावरची भांडी काढत होती.

“अगं, पडशील! आज एकदम काय झालं?”

“मला भीती होती,” पितळी डबा माझ्या हातात देत ती म्हणाली, “खोली सोडली तर ह्यांचा आवाज विसरेन. नाही विसरले बघ. लगेच ओळखला.”