एकशे त्रेपन्नला न पोचणारी तारीख

संयोगिता शिराळ्याची. सांगलीला राहून गणितात एम.एस्सी. झाली आणि फलटणच्या एका ऊसवाल्या घरात थोरली सून म्हणून आली. नवरा धैर्यशील फौजेत, जम्मूकडं. घरी सासूबाई आणि बिननोकरीचा दीर, राजवर्धन.

नव्या नवलाईत चहा पिता पिता तिनं दिराला एक गंमत दाखवली. तिनानं भाग जाणारी कुठलीही संख्या घ्यायची, तिच्या प्रत्येक अंकाचा घन करून बेरीज करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच. शेवटी एकशे त्रेपन्नच येणार आणि तिथून हलणार नाही. नऊ घेतले तर सातशे एकोणतीस, मग एक हजार ऐंशी, मग पाचशे तेरा, मग एकशे त्रेपन्न. दीर बघतच राहिला. सासरी तिच्या गणिताला मिळालेली ती पहिली दाद.

पुढं त्याच गमतीवर राजवर्धननं ओसरीत बैठक मांडली. स्थळ आलं की लोक मुलीच्या जन्माची नुसती तारीख घेऊन येत, नाव-गाव तो विचारत नसे. एकशे त्रेपन्नला पोचली तर लक्ष्मी, नाही पोचली तर घरबुडवी. तीनची अट तो कुणाला सांगतच नसे. तिनानं भाग न जाणारी तारीख जन्मात तिथं पोचत नाही. म्हणजे तीन पोरींतल्या दोघी आधीच बाद. संयोगितानं त्याला हे बजावलं, तर तो हसला.

"वैनी, समद्याच पोरी पास झाल्या तर मला कोण इचारील?"

शेजारच्या बनुबाईंनी मुलासाठी राजनंदिनी पसंत केली होती. नर्सिंग शिकलेली, गुणी पोर. सुपारीही फुटली होती. तारीख निघाली एकोणीस. सातशे तीस, मग तीनशे सत्तर, आणि तिथंच अडकली. संयोगिता स्वतः बनुबाईंकडं गेली. तिनानं भागून पहिल्यांदा जी बाकी उरते ती शेवटपर्यंत उरतेच, यात पोरीचा काय दोष, असं तिनं परोपरीनं समजावलं. बनुबाईंनी ऐकून घेतलं.

"तू शिकलीयास, न्हाई कोन म्हनतंय? पर त्येचं गणित चुकतंय का, तेवढं सांग."

गणित चुकत नव्हतं. संयोगिताच्या तोंडून खोटं निघेना. लग्न मोडलं. सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. घरचा माणूस चारचौघांत उघडा पाडायचा नसतो, असं धैर्यशीलनंही फोनवर सुनावलं.

पुढं राजनंदिनीला उंब्रजचं स्थळ आलं. तेही लोक राजवर्धनलाच विचारणार होते. पोरीची आई परसदारानं आली आणि कुठली तारीख सांगू, एवढंच तिनं विचारलं. संयोगितानं एकवीस सांगितली. ओसरीत एकशे त्रेपन्न आलं, लग्न थाटात लागलं, आणि राजवर्धनचं नाव कऱ्हाडपर्यंत गेलं.

आता परसात आया येतच असतात. संयोगिता तांदूळ निवडता निवडता सांगते: बारा, अठरा, चोवीस. का, ते कुणी विचारत नाही. तीही सांगायचं सोडून बसली आहे. जाताना त्या ओसरीवरून जातात, राजवर्धनच्या पाया पडून.