‘इतर’मध्ये टाकलेला अर्धा तास

मी आरोग्य अर्थशास्त्र शिकले. कुठल्या दवाखान्यात किती माणसं लागतात, कुठं जास्त आहेत, कुठं कमी पडतात, हे मोजण्यात माझी वीस वर्षं गेली. मोजायला मी पक्की आहे. त्याचा मला गर्वही होता.

एकदा गावोगावच्या उपकेंद्रांतल्या नर्सबाईंचा दिवस कशात जातो, हे मोजायचं काम आलं. रहिमतपूरजवळच्या एका गावात मी स्वतः घड्याळ घेऊन एका नर्सबाईंच्या मागे आठवडाभर हिंडले. लस, औषधं, नोंदी, प्रत्येकाला माझ्या फॉर्मवर रकाना होता. एका आबांच्या घरी मात्र त्यांनी बीपी बघितलं आणि चक्क बसून राहिल्या. आबा एकटेच राहायचे. फौजेतला मुलगा, उसाची तोड, गुडघे, गप्पा काही संपेनात. मी उंबऱ्यात ताटकळत उभी. शेवटी आबा खाली बघत म्हणाले, "बाई, लघवीतनं रगात जातंय. पोराला फोनवर कसं सांगू?"

नर्सबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना साताऱ्याला धाडायची सोय केली. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हे कशात धरायचं?" मी बीपीपुढे पाच मिनिटं लिहिली आणि उरलेला अर्धा तास ‘इतर’मध्ये टाकला. दुसरा रकानाच नव्हता. फॉर्म मीच बनवला होता.

सगळ्या गावांचं मिळून ‘इतर’ भरपूर निघालं. मी अहवालात लिहिलं की हा वेळ वाचवला तर एक नर्स दोन गावं सांभाळू शकेल. एरवी आमचे अहवाल धूळ खात पडतात. हा नेमका उचलला गेला. बैठकीत माझं कौतुक झालं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

गेल्या वर्षी माझ्या आईला कुंडलहून सांगलीच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर माझ्यावरच उखडले. महिनाभर छातीत दुखत होतं, मग आधी का नाही आणलं? मला तर पत्ताच नव्हता. मी आईवर चिडले. दर पंधरवड्याला नर्सबाई घरी येते, तिला तरी सांगायचं!

"येती की," आई म्हणाली. "पर आता लय घाई असती बग तिला. आदी बसायची, च्या प्यायची. आता दोन गावं दिल्यात तिच्याकडं. बीपी बगती आन पळती. उगं कशाला आडवायचं? म्हटलं फुडल्या बारीला सांगू."

मी पाण्याची बाटली उघडायला घेतली. झाकण काही निघेना.

"कुणी केलं आसंल गं हे?" तिनं विचारलं. "तू एवढी शिकलीस, सांग की वर कुणाला तरी. लय वढाताण हुती बिचारीची."

"सांगते, आई," मी म्हणाले.

तिचं तेवढ्यावर समाधान झालं. तिनं कूस बदलली आणि डोळे मिटले.

चौथ्या दिवशी ती गेली. माझ्याकडे तीन दिवस होते. तिन्ही दिवस मी तिच्या उशाशीच बसून होते, आणि ते मीच केलंय एवढं मला सांगता आलं नाही.