समासातलं 'कशावरून?'

परदेशात, श्रूजबरीत राहणाऱ्या हेमांगी कर्णिक खऱ्या अर्थाने वाचायला शिकल्या त्या साताऱ्याच्या वाचनालयात. पुस्तकांच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने 'कशावरून?' लिहून ठेवायचं आणि त्या मनातल्या मनात त्याच्याशी भांडायच्या. ग्रंथपाल मात्र खोडरबर घेऊन बसायचे.

आता कॉलेजात शिकवताना त्या लेख ऑनलाइन टाकतात आणि कडेला मुलांना शंका लिहायला लावतात. कुणी नुसतं 'छान' लिहिलं की भडकतात, "वाचलंस की चाळलंस?"

यंदा त्यांनी स्वतःचाच जुना लेख टाकला. वर्गातल्या, त्यांच्या शेजारीच राहणाऱ्या आरोहीने एका वाक्याशेजारी लिहिलं, "काकू, कशावरून?"

हेमांगीताईंचा पारा चढला. बोट डिलीटवर गेलं. तेवढ्यात ते खोडरबर आठवलं.

बोट मागे घेऊन त्यांनी खाली लिहिलं, "माहीत नाही गं. शोधू या."