दहा सेकंद कुठून मोजायचे

घोळ ऑफिसातल्या 'म्हणजेकाकां'नीच घातला होता, आणि तोही एका ओळीत: "दहा सेकंद उत्तर न आल्यास संपर्क तुटला असे समजावे." खाटेजवळचं नाडी मोजणारं यंत्र आणि नर्सच्या टेबलावरचा फलक यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम लिहिणं हे काकांचं काम. फलकानं दर चार सेकंदांनी विचारायचं, यंत्रानं उत्तर द्यायचं. यंत्र गप्प झालं तर फलकावर लाल दिवा.

दहा सेकंद, पण कधीपासून? ते लिहायचं राहिलं. फलकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीनं प्रत्येक प्रश्नापासून नव्यानं मोजलं. दर चार सेकंदांनी मोजणी शून्यावर. दहा भरणार कधी? परवा चाचणीच्या वॉर्डात वायर निसटली आणि फलक अकरा मिनिटं हिरवागार. उशी सारखी करायला गेलेल्या नर्सनं पाहिलं, म्हणून निभावलं.

आज सकाळी साहेबांनी मुलीला सगळ्यांदेखत धुतलं. "चार वाजता हॉस्पिटलची माणसं येतायत. चूक करणारीला कामावरून काढलं, असं सांगून मोकळा होणार मी." काका वहीत चौकोन काढत बसले.

आणि हे कोण? तर बायको "जरा लवकर या" म्हणाली की "जरा म्हणजे?" विचारणारे; म्हणून तर नाव पडलं म्हणजेकाका. ती बिचारी आता घड्याळातली मिनिटं सांगते. नवीन व्याख्या लिहिली की काका ती दोन माणसांना दोन खोल्यांत बसवून देत, दोघांना कागदावर काळाची रेघ मारायला लावत आणि लाल दिवा कुठे लागेल तिथे फुली. फुल्या जुळल्या तरच वाक्य पास. या वाक्याला मात्र त्यांनी सूट दिली होती. दुधखुळ्यालाही कळेल, म्हणे!

अडीच वाजता काका उठले. मुलीला स्टोअररूममध्ये बसवलं, यंत्रवाल्या इंजिनिअरला जिन्याखालच्या खोलीत. नवं वाक्य: "शेवटचे उत्तर आल्यापासून दहा सेकंद."

फुल्या जुळल्या नाहीत.

"काका, सुरुवातीपासून एकही उत्तर आलं नाही तर?" मुलीनं कोरा कागद पुढे केला. "शेवटचं कुठून आणू? माझा दिवा लागणारच नाही."

"माझा लागतो की, दहाव्या सेकंदाला!" खालून इंजिनिअर ओरडला.

"तुम्ही दोघं बोलायचं नाही!" काका खेकसले. कपाळावर घाम. तीन वाजून वीस मिनिटं.

तिसऱ्या वेळी त्यांनी एकेक शब्द तोलून लिहिला: "शेवटचे उत्तर आल्यापासून मोजावे. एकही उत्तर आले नसेल तर पहिला प्रश्न पाठवल्यापासून मोजावे. नंतरच्या प्रश्नांनी मोजणी शून्यावर येत नाही. दहा सेकंद पूर्ण होताच लाल दिवा लावावा." काकांनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. फुलीवर फुली. चार वाजायला सहा मिनिटं होती.

बैठकीत साहेबांनी घसा साफ केला. "तर दोष जिच्यामुळे..."

"दोष वाक्याचा आहे," काका उभे राहिले. "वाक्य माझं. मी जे लिहिलं होतं त्यातून निघणारा एक अर्थ हिनं घेतला. मी दोन अर्थ निघू दिले." त्यांनी दुरुस्तीच्या नोंदवहीत तसंच लिहून, सही करून वही टेबलावर सरकवली. साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. हॉस्पिटलच्या बाईंनी वाक्य दोनदा वाचलं. "हे कळलं. आता आमच्यासमोर वायर काढून दाखवा."

काढली. सात... आठ... खोलीत कुणी श्वास घेईना. दहा. लाल.

मुलगी कामावर राहिली. काकांची या वर्षीची बढती तेवढी गेली.

सहा वाजता लिफ्टपाशी तिनं त्यांना गाठलं. "थँक्यू काका. पण सकाळी तासभर माझी सालटी निघत होती, तेव्हा गप्प का होतात?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सांगतो. उद्या सांगतो."

"उद्या म्हणजे?" ती म्हणाली. हसली नाही.

याला आता दीड महिना झाला. काका जिन्यानं ये-जा करतात; मजला पाचवा आहे.